धुऱ्यावरचा तांबडा ठिपका

याडीच्या छातीत पेसमेकर बसवला आणि घरी सोडताना डॉक्टरांनी पथ्यं सांगितली. मोबाइल त्या बाजूला ठेवायचा नाही, वेल्डिंग चालू असेल तिथे उभं राहायचं नाही. याडीकडे मोबाइल नाही आणि वेल्डिंगशी तिचं काही देणंघेणं नाही, म्हणून मी नुसती मान डोलावत होते. मग त्यांनी विचारलं, "शेतात झटक्याची तार आहे का?"

"आहे," मी म्हणाले.

"तिला हात लावू द्यायचा नाही. एरवी माणसाला नुसता हिसका बसतो आणि माणूस शिव्या देत बाजूला होतो. यांच्या बाबतीत मी खात्री देणार नाही."

मी बरं म्हणाले. त्या तारेत झटका सोडणारी मशीन मी काम करते त्याच कारखान्यात बनते आणि तिचं डिझाइन माझं आहे, हे काही मी त्यांना सांगितलं नाही. बाहेर बाकावर याडी बसली होती, तिलाही लगेच सांगितलं नाही. दवाखान्यातून यवतमाळच्या स्टँडपर्यंत रिक्षात ती खुशीत होती.

याडी म्हणजे आई. आम्ही गोर, म्हणजे बंजारा. नेरच्या रस्त्याला आतल्या बाजूला आमचा तांडा आहे आणि तांड्याला लागूनच शेत. घरात आम्ही गोरबोलीत बोलतो, पण याडी रागावली की वऱ्हाडीवर येते, म्हणजे तांड्याबाहेरून आलेल्या माणसालाही तिचं म्हणणं कळावं. या सगळ्या प्रकरणात ती बहुतेक वेळ रागावलेलीच होती, तेव्हा तिचं बोलणं वऱ्हाडीतच येईल.

घरी आल्यावर डॉक्टरांचं तारेबद्दलचं बोलणं सांगून "शेतात जाऊ नको" असं मी तिला म्हणून पाहिलं. "शेतात नाई जाऊ तं काय घरी बसून टीव्ही पाहू?" ती म्हणाली. "मंग हे मशीन कायले बसवलं माह्या छातीत? बसून राहाले?"

तार काढून टाकणं शक्य नव्हतं. आमच्याकडे तूर फुलावर आली की रानडुकरं येतात आणि रोही म्हणजे नीलगायी तर दिवसाढवळ्या कळपाने कापसात उभ्या असतात. एका फेरीत सगळं वावर सपाट होतं. म्हणून शेताभोवती तार, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, सोलरची मशीन, आणि मशीनमधून दर सेकंद-सव्वा सेकंदाला तारेत एक ठोका. जनावर मरत नाही, पण पुन्हा त्या वाटेला जात नाही. मोठा भाऊ शेती बघतो. रोह्यांच्या भीतीने तो कधीकधी दिवसाही मशीन चालू ठेवून नेरला बाजारात जातो, आणि ती कधी चालू असेल आणि कधी बंद, याचा काही नेम नसतो.

आता याडीची शेतात जायची वाट. फाटक पार पलीकडे रस्त्याच्या बाजूला आहे. तांड्याकडून येणारा माणूस तिथपर्यंत वळसा घालत नाही, खालची तार उचलतो आणि वाकून आत शिरतो. याडी जन्मभर तशीच आत शिरत आली, फाटकाने जा म्हटलं तरी तिने ऐकलं नाही. मशीन चालू असली की टक टक वाजते आणि भाऊ त्या आवाजावर चालतो. याडीला डाव्या कानाने काहीच ऐकू येत नाही आणि उजव्या कानाने निवडक येतं. टक टक त्या निवडकात नव्हती. राहिला तो दिवा. ती वाटेवर थांबायची, कोपऱ्यातल्या मशीनकडे बघायची, तांबडा ठिपका लागलेला नसला की तार उचलायची.

म्हणजे माझ्या आईचा जीव आता एका ठिपक्यावर होता, आणि तो ठिपका भरवशाचा नव्हता हे माझ्याएवढं कोणालाच माहीत नव्हतं.

आमच्या जुन्या मशीनमध्ये एलईडीचं डोकं झाकणाला पाडलेल्या भोकातून बाहेर यायचं. त्या भोकातून ओल शिरायची आणि ओलीच्या मागोमाग मुंग्या. मुंग्यांना गरम सर्किट बोर्ड फार आवडतो. दुरुस्तीला आलेली मशीन उघडली की आत त्यांनी अंड्यापिल्लांसकट संसार थाटलेला असायचा. अशा मशीनमध्ये सगळ्यात आधी मरायचा तो दिवा, कारण तो भोकाच्या तोंडाशी. मशीन ठोके देत राहायची आणि दिवा मेलेला. गिऱ्हाइकाला त्याचं फारसं काही वाटायचं नाही, डुकरं पळतायत ना, मग झालं. मला मात्र त्या वर्षी मेलेल्या दिव्याची प्रत्येक मशीन बघून आमचा धुरा आठवायचा. दिवा लागलेला आणि तार बंद, असं झालं तर याडी शिव्या देत वळसा घेईल, संपलं. पण तार चालू आणि दिवा बंद दिसला तर ती तार उचलेल.

मी कारखान्याच्या मालकांना, शेठजींना, म्हणाले की भोकच बंद करू या. एलईडी खाली बोर्डावरच राहू दे आणि तिथून झाकणापर्यंत उजेड पारदर्शक प्लास्टिकच्या कांडीतून वर आणू. झाकणाला रबराची रिंग, म्हणजे पाणी नाही आणि मुंगीही नाही. शेठजी म्हणाले, करा, पण तुरीच्या फुलाआधी झालं पाहिजे. त्यांना सीझनची घाई होती. माझी घाई कशाची होती ते मी बोलले नाही.

अशा कांडीला लाइट पाइप म्हणतात. आमच्या असेंब्लीतल्या बायांनी पहिल्याच दिवशी तिला खडीसाखर म्हणायला सुरुवात केली आणि आता शेठजीही फोनवर खडीसाखरच म्हणतात. बघायला एवढीशी गोष्ट, पण उजेडासारखा पळपुटा माल दुसरा नाही. तो कांडीत शिरतो, भिंतीवर तिरका आपटतो आणि पुन्हा आत वळतो, पण पुरेसा तिरका आपटला तरच. शिवाय भिंत गुळगुळीत पाहिजे आणि भिंतीच्या पलीकडे नुसती हवा पाहिजे. ओरखडा असला की तिथून गळतो, घामट बोटाचा डाग असला की तिथून गळतो. कांडीला वळण द्यायचं तर ऐसपैस द्यावं लागतं, नाहीतर कोपरा पंचेचाळीस अंशांत कापून आरशासारखा घासावा लागतो. घाईत मोडलेल्या कोपऱ्यातून उजेड वळत नाही, सरळ बाहेर निघून जातो.

माझी पहिली कांडी इतकी मंद होती की शेठजींनी झाकणाला नाक लावून विचारलं, "लागला आहे का?" अर्धा उजेड आत शिरण्याआधीच जात होता, कारण एलईडी आणि कांडीचं बूड यांच्यात मी नको तेवढी फट ठेवली होती. फट नखाएवढी केली, कांडीचं बूड रुंद केलं, तेव्हा जरा जीव आला. मग नव्या दहाबारा मशीन जोडून आल्या आणि त्या सगळ्या पुन्हा मंद. मी बायांवर उखडले. त्यांनी कांडी हलू नये म्हणून तिच्या अंगाला चारी बाजूंनी झटपट चिकटणारा गोंद लावला होता.

"हालून राह्यली होती मॅडम, म्हणून पक्की केली," एक बाई म्हणाली.

तिचं चुकलं नव्हतं. हलणारी वस्तू पक्की करायची, हेच तर आम्ही त्यांना शिकवलं होतं. पण गोंद लागला की भिंतीच्या पलीकडे हवा उरत नाही आणि उजेड गोंदात शिरून नाहीसा होतो. मी कांडीला वरच्या बाजूला दोन बारीक कान दिले, ते झाकणात खटकन बसतील असे, आणि टेबलावरून गोंदाच्या बाटल्या उचलून कपाटात ठेवल्या. चावी माझ्याकडे.

कारखान्यात आता ठिपका डोळ्यांत घुसत होता. मी मशीन घेऊन शेतात गेले आणि भर दुपारी वाटेवर उभी राहिले. दिवा चालू की बंद, काही कळेना. मशीन बंद करून बघितली, तरी ठिपका तसाच उजळ!  कांडी उजेड आणते तशी नेतेही, हे पुस्तकात वाचलेलं होतं, पण उन्हात उभी राहून बघितलेलं नव्हतं. सूर्य वरून कांडीत शिरत होता, खालच्या पांढऱ्या बोर्डावर आपटून वर येत होता आणि बंद दिवा लागल्यासारखा दाखवत होता. चालू दिवा त्याच उन्हात बुडत होता.

ते दिवस वाईट गेले. याडी रोज शेतात जात होती, आणि भावाने मशीन दिवसा बंदच ठेवावी म्हणून मी रोज सकाळी त्याला फोन करत होते. "केली वं बंद, केली," तो म्हणायचा. खरंच केली की फोन ठेवायला म्हणाला, हे मला कळायला मार्ग नव्हता. कारखान्यात फोन वाजला की नंबर बघायच्या आधी मी देवाचं नाव घ्यायची.

हळूहळू ते जमलं. बोर्डाचा तो भाग काळा केला. दिव्यावर टोपीच्या पुढच्या पट्टीसारखा छोटा छज्जा दिला. दिवा सलग न ठेवता तारेत ठोका जाईल तेव्हाच चमकेल असा केला, कारण ऊन कितीही कडक असलं तरी त्याला लुकलुकता येत नाही. शेजारच्या चार्जिंगच्या हिरव्या दिव्याचा उजेड मिसळू नये म्हणून मध्ये काळी भिंत घातली. आणि सगळ्यात शेवटी कांडीचं वरचं टोक झाकणाच्या बाहेर काढून हरभऱ्याच्या दाण्याएवढा गोल घुमट केला, म्हणजे समोरूनच नाही तर बाजूच्या वाटेवरूनही ठिपका दिसेल. तो घुमट मला फार आवडला होता.

परीक्षेला याडीलाच उभं केलं. ती वाटेवर, भाऊ मशीनपाशी, मी मध्ये. भाऊ मनाला येईल तेव्हा मशीन चालू करेल, ठिपका दिसला की याडीने हात वर करायचा. तिने एकदाही चूक केली नाही. मी हवेत होते. मग माझ्या लक्षात आलं की भावाचा कोपर हलला की हिचा हात वर जातो.

"याडी, तू दिव्याकडं पाहून राह्यली का त्याच्याकडं?"

"दोघायकडं," ती म्हणाली. "दोन डोळे कायले दिले देवानं?"

मी भावाला पोत्याच्या आड बसवलं आणि सगळं पुन्हा केलं. या वेळी तिला दोनदा नीट दिसलं नाही, मी छज्जा थोडा वर उचलून दिला, आणि मग एकही चुकला नाही. मी तिला दोन्ही खांद्यांना धरून, तोंडासमोर तोंड आणून सांगितलं, "ठिपका लुकलुकला की हात लावायचा नाही. लुकलुकला नाही तरच लावायचा. माणसाकडं पाहायचं नाही, ठिपक्याकडंच. रोज पाहायचं."

"रोज पाहीन," ती म्हणाली. तिने एकदा शब्द दिला की ती पाळते.

भावाने ती मशीन कोपऱ्यातल्या लोखंडी अँगलवर बसवली आणि तिला कुलूप लावलं, कारण आमच्या भागात मशीनमधल्या बॅटऱ्या चोरीला जातात. मला पहिल्यांदाच नीट झोप लागायला लागली.

दसऱ्याला मी घरी गेले नाही. ऑर्डरी तुंबल्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी माल निघायचा होता. कारखान्यातच पूजा झाली. ड्रिल मशीनला झेंडूची माळ, सोल्डरिंगच्या बंदुकांना हळदकुंकू, नारळ. एका बाईने ऑसिलोस्कोपच्या पडद्यावरच कुंकवाचं बोट टेकवलं, तेव्हा मी ते पुसायला लावलं आणि म्हणाले की बाजूला लावा, त्याला दिसायला पाहिजे. भावाचा फोन आला, "याडी इचारून राह्यली, कधी येशीन?" मी म्हणाले, उद्या दुपारी, सोनं घेऊन.

दुसऱ्या दिवशी स्कूटीच्या डिकीत आपट्याची पानं आणि पेढे घेऊन निघाले. ऊन चांगलंच तापलं होतं. तांड्यात जायच्या आधी शेताच्या कोपऱ्यावर थांबले, खरं सांगायचं तर स्वतःचा ठिपका बघायला. स्कूटी बंद केली आणि टक टक ऐकू आली. भाऊ मशीन चालू ठेवून बाजारात गेला होता. मी वर बघितलं. टक टक वाजत होती आणि ठिपका काळा होता.

पहिल्यांदा वाटलं, कांडी निसटली. जवळ गेले तर घुमटावर शेंदूर होता. तेलात कालवलेला, जाडसर, अंगठ्याने दाबून लावलेला. आजूबाजूला झाकणावर थेंबही नाही, बरोबर घुमटावर, कपाळावर टिळा लावावा तसा. खाली दोन झेंडू खोचलेले. कपाळ समजून कोणी लावला ते विचारायची गरज नव्हती. मी ओढणीचं टोक पुढे केलं आणि त्याच वेळी डोळ्याच्या कोपऱ्यात वाटेवर हालचाल दिसली.

याडी होती. डोक्यावर भाकरीचं गाठोडं. हाक मारली तर कोणालाही ऐकू जाईल एवढ्या अंतरावर, पण तिला नाही. ती थांबली. डोळ्यांवर हात आडवा धरून तिने मशीनकडे बघितलं, नीट, वेळ घेऊन, मी शिकवलं तसं. मी दोन्ही हात हलवले, किंचाळले. तिची नजर ठिपक्यावर होती, माणसाकडे बघायचं नाही हे मीच तिला शिकवलं होतं, आणि ठिपका लुकलुकत नव्हता. तिने गाठोडं सावरलं आणि ती तारेकडे निघाली.

स्विच कुलपाच्या आत होता आणि चावी भावाच्या खिशात, नेरला. मी झाकणाला नखं लावली. झाकण हललं नाही. मुंगी शिरणार नाही असं ते मीच बनवलेलं होतं. पळत तिच्यापर्यंत जायचं तर मध्ये कमरेएवढा कापूस आणि चालू तार. मशीनच्या पोटातून निघालेली वायर तारेला जिथे जोडली होती, ती जागा तेवढी माझ्या हाताशी होती. पक्कड नाही, हातमोजे नाहीत. मी वायर धरून ओढली आणि टक झालं.

टेबलावर असले झटके मी कित्येक खाल्ले आहेत. पण पायाखाली ओली जमीन असताना तो वेगळाच लागतो. खांद्यापर्यंत कोणीतरी काठी घातल्यासारखा हात फेकला गेला आणि मी मागे आपटले. उठले. मला एकच गोष्ट माहीत होती, दोन ठोक्यांच्या मध्ये तार मेलेली असते. टक झालं की लगेच धरायचं आणि पुढचं टक व्हायच्या आत तोडायचं. पलीकडे याडी वाकत होती. टक. मी वायर मुठीत धरली आणि सगळं अंग मागे टाकलं. तुटली नाही. टक. या दुसऱ्या झटक्याला वायर सुटली नाही, मूठ आपोआप आवळली गेली होती. मग काहीतरी फाटल्यासारखं झालं आणि मी तुटलेल्या वायरीसकट धुऱ्यावर पडले. मशीन वर टक टक करतच होती, पण आता ती हवेत बोलत होती.

मान उचलून बघितलं तर वाटेवर याडी नव्हती. तारेपाशी नव्हती. नुसता फुटलेला पांढरा कापूस आणि वर ऊन.

तिने तार आधी धरली की नंतर, हे मला माहीत नव्हतं. मी तारेवरून उडी मारली आणि कापसातून पळत सुटले. बोंडांच्या वाळलेल्या नख्या हातापायांना ओरबाडत होत्या आणि मी 'याडी, याडी' करत होते, लहान मुलीसारखी, कोणाला ऐकू जावं म्हणून नाही. कापसाच्या दोन ओळींमधल्या तासात गाठोडं पडलेलं दिसलं. गाठोडं एकटंच. 

"अवं हळू! बोंडं झाडून राह्यली नं सारी!"

ती पलीकडच्या तासात उकिडवी बसली होती. पदराच्या ओट्यात कापूस. शिरता शिरता फुटलेली बोंडं दिसली म्हणून वेचत बसली होती.

मी तिचे हात धरून उलटसुलट करून बघितले. "तारेले हात लावला?"

"लावला नं. त्याबिगर का उडून येऊ?"

"काही झालं? छातीत? धडधड?"

"काय होईन? दिवा बंद होता. चांगला पाह्यला म्या."

मी तिथेच मातीत बसले. आणि मग संताप आला, असा की मी तिला दंडाला धरून कापसातून मशीनपाशी नेलं. बोट रोखून विचारलं, "हे काय आहे?"

"शेंदूर."

"ते मलेही दिसते. इथं कायले लावला? एवढं झाकण पडलं होतं!"

"झाकणाले कायले लावू? झाकण तं कारखान्याचं हाय. तुह्यं तं एवढंच हाय ना त्याच्यात." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "काल सारं घर होतं. नातवायले लावला, बैलायले लावला, तुह्या भावाले लावला. तू नाई आली. मंग तुले कुठं लावू?"

मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून राग गेला असं झालं नाही, दोन्ही एकदमच होतं. "अवं, त्यानं तू मेली असती," मी ओरडले. तार चालू होती, दिवाही चालू होता, फक्त तुझ्या टिळ्याखाली झाकला गेला होता, हे मी तिच्या उजव्या कानात एकेक शब्द तोडून सांगितलं.

तिने ऐकलं. घुमटाकडे बघितलं. "टिळ्यानं कोणाचे डोळे झाकते का?" ती म्हणाली. "मले काय माहीत?"

तिला खरंच माहीत नव्हतं, आणि मलाही सुचलं नव्हतं. आमच्याकडे लोखंडाच्या प्रत्येक वस्तूला वर्षातून एकदा टिळा लागतो आणि मी दिव्याला नेमका कपाळासारखा आकार दिला होता. पुढच्या साच्यात मी कांडीचं तोंड छज्ज्याखाली आत घेतलं आणि झाकणाच्या मधोमध एक गोल उंचवटा ठेवला. शेठजींनी विचारलं, हा कशाला. मी म्हणाले, डिझाइन आहे, राहू द्या.

पण ते नंतर. त्या दुपारी मी ओढणीने शेंदूर पुसायला लागले तर तो तेलासकट पसरला आणि ठिपका नुसता केशरी धूसर लुकलुकायला लागला.  याडीने माझा हात मनगटाशी धरला आणि उघडला. तळव्यावर वायर रुतल्याचा तांबडा वळ होता, बोटं अजून नीट सरळ होत नव्हती. तिने खाली पडलेली तुटकी वायर बघितली.

"तू धरली होती?"

"हो."

"चालू?"

"हो."

"कायले धरली?"

"तू तिकडं वाकली होती म्हणून."

तिने वाटेकडे बघितलं, ती वाकली होती त्या जागेकडे, आणि मग मी उभी होते त्या जागेकडे. पेसमेकर बसवताना ती घाबरली नव्हती. डॉक्टरांचं तारेबद्दलचं बोलणं मी सांगितलं तेव्हा घाबरली नव्हती, आत्ता मी मरणाची गोष्ट केली तेव्हाही नाही. आता तिचा चेहरा उतरला. ओट्यातला कापूस खाली पडला आणि तिने तो उचलला नाही. माझा हात तिने दोन्ही हातांत दाबून धरला, पदराने पुसला, फुंकर घातली, पुन्हा पुसला.

"आजपासून फाटकानं जाईन," ती म्हणाली. "दिवा लागो का न लागो. फाटकानंच जाईन."

 इतके महिने मी एक ठिपका उजळ करत होते आणि हे एवढं वाक्य मला कोणत्याच उजेडात मिळालं नव्हतं.

घरी जायला ती निघाली तेव्हा तार बंद होती आणि वायर माझ्या हातात होती, तरी ती तारेकडे वळली नाही. फाटकाच्या दिशेने चालायला लागली, उन्हात, दर थोड्या अंतरावर छातीला हात लावून थांबत. मी तिच्या मागे चालत होते. तेव्हा मला पहिल्यांदा समजलं, तो वळसा तिच्यासाठी केवढा लांब आहे.